भट्टीमामांची दुसरी सुई

भट्टीचं लोखंडी दार उघडायचं, उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत सारायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि धाकट्या भावाला शिव्या द्यायला सुरुवात करायची. भट्टी तपासायची भट्टीमामांची ही पद्धत होती, आणि त्या बेकरीत दुसरी कुठली पद्धत कुणाला ठाऊकच नव्हती. शिव्या ठरलेल्या, क्रम ठरलेला, चालही ठरलेली. "आळशा, ऐतखाऊ, झोपाळू, कामचोरा, तोंडाळा, पोटभरू, लबाडा, गेंड्या." ज्या शिवीला चटका असह्य होऊन हात बाहेर येईल, तिच्यावरून भट्टीचा अंदाज बांधायचा. 'झोपाळू'लाच आला, तर भट्टी फार तापली. दार उघडं टाकायचं, निखारे पसरायचे, वाट बघायची. 'तोंडाळा'पर्यंत टिकला, तर पाव आत सरकवायचे. बिस्किटांना मंद आच लागते. ती थेट 'गेंड्या'ला.

मामांच्या वडिलांनी हीच शिव्यांची माळ मामांच्या नावाने ओढली होती. वडील गेले, भट्टी मामांकडे आली, आणि शिव्या वारसाहक्काने धाकट्याकडे गेल्या. धाकट्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट तो गल्ल्यावर बसल्या बसल्या कान देऊन ऐकायचा, आणि एखाद्या गिऱ्हाइकाने "पाव कधी होतील हो?" असं विचारलं, की गंभीरपणे सांगायचा, "आत्ताशी मी कामचोर झालोय. तोंडाळ झालो की लगेच."

अशा माणसाला दवाखान्यातल्या सिस्टर सांगत होत्या की, मामा, या सुईनंतर तुम्हाला मधूनच खूप गरम होईल.

"मला?" मामा खो खो हसले. "सिस्टर, मी भट्टीपुढे राहतो. मला गार होईल असं काही असेल तर सांगा."

मामा त्या दिवशी हसत होते, कारण न हसता तिथे बसणं त्यांना जमलं नसतं. लघवीला थांबून थांबून होतेय, वयच झालं, एवढ्या तक्रारीवर ते गेले होते. तपासण्या होता होता ती तक्रार प्रोस्टेटच्या कॅन्सरपर्यंत पोचली. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी कागदावर एक वांगं काढलं, त्याला ते प्रोस्टेट म्हणाले, आणि सांगितलं की हा आजार पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. सुईने शरीराला ते हार्मोन तयार करणंच थांबवायला लावायचं. औषध आत साठून राहतं, हळूहळू विरघळतं आणि तीन महिने काम करतं.

"एकदा टोचली की तीन महिने?" मामा म्हणाले. "सांगायला लागत नाही, हाका मारायला लागत नाहीत? असा एक माणूस मला बेकरीत द्या हो."

डॉक्टर हसले नाहीत. सुरुवातीला हार्मोन कमी होण्याआधी उलट थोडं वाढतं, ते म्हणाले, म्हणून आधी गोळ्या दिल्यात. तरी हाडं दुखली, पायात बळ कमी वाटलं किंवा लघवी अडली, तर तसेच उठून यायचं. मग थकवा येईल, पोटाचा घेर वाढेल, मन हळवं होईल. आणखी एका बाबतीतही फरक पडेल, असं म्हणताना डॉक्टरांचा आवाज उतरला, आणि शेजारी बसलेल्या मामींनी भिंतीवरच्या कॅलेंडरातला प्रत्येक महिना मन लावून वाचला.

"आणि सुई चुकवायची नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर मला कळवा. पण आपल्या मनाने बंद केलीत, तर आवरलेला आजार परत डोकं वर काढेल."

सुई पार्श्वभागावर बसली. दोन दिवस मामा एका कुल्ल्यावर बसत होते. बेकरीत सांगितलं, "कंबरेची सुई घेतलीय." धाकट्याने विश्वास ठेवला. मामांची कंबर पोती उचलून तशीही बदनाम होती.

पहिला महिना बरा गेला. मग पाव बिघडायला लागले.

आधी एक भट्टी. पाव वरून पांढुरके, आतून चिकट. मामांनी मैद्याला दोष दिला. मग पुन्हा एक भट्टी. मामांनी लाकडाला दोष दिला, ओलं आलंय म्हणाले. पुन्हा तेच झालं तेव्हा दोष द्यायला धाकट्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्याला दिला. समोरच्या खानावळीच्या मालकाने टोपलीच्या टोपली परत आणून गल्ल्यावर ठेवली. "मामा, हे पाव आहेत की नुसतं पीठ? बाकीचं आम्ही भाजून घ्यायचं का?"

एरवी या माणसाला मामांनी अशी काही उत्तरं दिली असती की तो खानावळ दुसऱ्या गल्लीत घेऊन गेला असता. या वेळी ते नुसते टोपलीकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मालक इतका घाबरला की टोपली उचलून परत घेऊन गेला.

धाकट्याने पाहिलं होतं. त्याने आणखीही एक गोष्ट पाहिली होती, म्हणजे ऐकली होती. "दादा," तो भीत भीत म्हणाला, "हल्ली तुझा हात 'झोपाळू'च्या पुढे जातच नाही."

"भट्टी तापतेय जास्त."

"मग पाव कच्चे कसे?"

मामांनी भट्टीचं दार धाडकन लावलं. धाकटा खाली बघत पुटपुटला, "विजेची भट्टी बघून यायची का? बटण असतं. आकडा लावला की झालं."

"तुला बटण लावीन!" मामा ओरडले, आणि पुढची दुपार दोघे एकमेकांशी पिठाच्या पोत्यामार्फत बोलत होते.

कारण सापडलं ते घरी, जेवणाच्या ताटावर. भट्टी दोन गल्ल्या पलीकडे, डोक्यावर पंखा गरगरतोय, पानात ताक-भात. मामांनी घास उचलला आणि तो तसाच राहिला. छातीतून काहीतरी वर चढत आलं, गळ्याला वेढा घातला, कान लाल झाले, कपाळावर घाम डवरला. त्यांनी सदरा काढून खुर्चीवर टाकला.

मामी वाढायची थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून हसल्या, भिंतीला टेकून हसल्या.

"अगं, झालं काय?"

"मला यायचं, तेच तुम्हाला आलं!" मामी म्हणाल्या. "पाळी जायच्या वेळी. आठवतं? मी रात्रभर खिडकी उघडायची, बंद करायची. आणि तुम्ही काय म्हणायचात? 'खिडकीवर नोकरी लागली का तुला?' घ्या! आता तुम्हीही कामाला लागलात!"

मामांनाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ते दोघं एकाच गोष्टीवर हसत होते. हसता हसता घाम ओसरला, अंगावर काटा आला, थंडी वाजली, मामींनी सदरा परत अंगावर टाकला, आणि त्याच क्षणी मामांचं हसू थांबलं.

"भट्टीपुढे पण हेच होत असणार," ते म्हणाले.

"होणारच. धगीपाशी जास्तच येतं. मला तर चुलीपाशी उभं राहवायचं नाही."

मामांनी उजवा हात पानापासून उचलून समोर धरला. जुन्या भाजल्याच्या खुणांनी तो एखाद्या नकाशासारखा दिसत होता. म्हणजे भट्टी जास्त तापतच नव्हती. तापत होते ते मामा. दरवेळी दार उघडलं की छातीतून वाफ उठायची, हात आधीच बाहेर यायचा, आणि बरोबर तापलेली भट्टी ते स्वतःच्या हाताने थंड करून ठेवत होते. मैदा चांगला होता. लाकूड कोरडं होतं. धाकटा निर्दोष होता, आणि ही गोष्ट मामांना सगळ्यात जास्त लागली.

"सिस्टरनी सांगितलं होतं," मामी म्हणाल्या.

"सांगितलं होतं. मी हसलो."

पानातला भात तसाच राहिला. हात धुऊन आल्यावर त्यांनी दारात उभं राहूनच सांगून टाकलं. "दुसरी सुई मी घेणार नाही."

मामींना वाटलं, रागात आहेत, उतरेल. उतरलं नाही. सुईची तारीख जवळ येत गेली आणि मामा दगडासारखे होत गेले. मामी समजावून थकल्या, रुसून थकल्या. एका सकाळी पीठ चाळता चाळता त्यांनी चाळणीच आपटली.

"हात महत्त्वाचा की माणूस?"

"हाताशिवाय मी म्हणजे कोण गं? दारातलं पायपुसणं. धाकटा बटण लावेल आणि मी बाकावर बसून पाव मोजीन?"

"बसा! मोजा! पण बसलेले असा म्हणजे झालं!" मामींचा आवाज फुटला. "मला बाकावरचा चालेल. फोटोतला नको."

मामा बाही सारत बाहेर पडले.

सुईच्या दिवशी त्यांनी नेहमीच्या दुप्पट पीठ मळलं. मुद्दाम. मळलेलं पीठ फुगायला लागलं की बेकरीवाल्याला जागचं हलता येत नाही. ते थांबत नाही, वाट बघत नाही, वेळेवर भट्टीत गेलं नाही तर फसकन बसतं आणि आंबट होतं. दवाखान्यातल्या सिस्टर संध्याकाळी जायच्या. तोवर फुगवटा पुरेल असा हिशेब मामांनी मनाशी केला होता, आणि कुणी विचारलं तर सांगायला उत्तर तयार होतं की काय करणार, पीठ वर आलंय.

दुपार कलली तशा मामी बेकरीत आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत डॉक्टरांची फाईल. त्यांनी ट्रेच्या ट्रे भरलेले, फडक्याखाली फुगत चाललेले गोळे पाहिले आणि नवऱ्याचा सगळा कावा त्यांच्या लक्षात आला.

"किती केलंत हे?"

"मागणी आहे."

"कुणाची?" गल्ल्यावरून धाकट्याने विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

मामी एका पोत्यावर बसल्या. "मी थांबते. पाव होऊ देत. मग निघू."

"वहिनी, कुठे निघायचंय?" धाकट्याने विचारलं.

मामांनी फडकं उचलून पाहिलं. पीठ तयार होतं, बोट लावलं तर थरथरत होतं. आता वेळ दवडायची सोय नव्हती. त्यांनी भट्टीचं दार उघडलं, बाही सारली, हात आत घातला.

"आळशा..."

छातीतून वाफ उठली. गळा, कान, कपाळ. मामांनी दात आवळले, पण हात आपोआप बाहेर आला होता.

धाकट्याने मान वाकडी करून आत पाहिलं. "दादा? आज मी नुसताच आळशी?"

एरवी हसण्यासारखंच होतं ते. मामी हसल्या नाहीत. मामा भट्टीकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांची पाठ घामाने भिजत चालली होती.

"मला कॅन्सर झालाय," ते भट्टीला म्हणाले.

धाकटा गल्ल्यावरून उठून आत आला. कुणी खिळ्याला अडकवावं तसा दारात थांबला. "तू तर कंबर म्हणाला होतास."

"कंबरेच्या जवळच आहे."

"दादा!"

"सुया चालू आहेत. त्याने आजार दबतो आणि माझा हात जातो. आतून गरम होतं. मला कळत नाही भट्टी तापलीय की मी." मामांनी बाहीने कपाळ पुसलं. "आज दुसरी आहे. मी जात नाहीय."

"जाताय," मामी म्हणाल्या.

"पीठ वर आलंय!"

"मुद्दाम आणलंत वर!"

धाकटा एकदा भावाकडे, एकदा वहिनीकडे बघत होता. मग त्याने शर्टाची बाही वर केली, भट्टीपाशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा हात आत घातला. "आ..." एवढंच म्हणाला आणि हात काढून नाचायला लागला.

"तुझा हात गल्ल्याचा आहे," मामा म्हणाले. "त्याला काय कळणार."

"अहो, बसा जरा," मामी म्हणाल्या. "ते येतं तसं जातं. मी सांगते ना. गेलं की परत बघा. आतलं छातीतून वर येतं, भट्टीचं बोटांच्या टोकांपासून. वेगळं कळतं हो, सवयीने."

मामा पोत्यावर बसले. पिठाकडे बघायची तिघांचीही हिंमत होत नव्हती. घाम आटला, अंगाला गारठा सुटला, मामा उठले. हात आत. "आळशा, ऐतखाऊ, झोपाळू, कामचोरा..." धाकट्याचे ओठही बरोबर हलत होते. "तों..." आणि इथे मामा अडखळले. बोटं पोळत होती, हे नक्की. पण छातीत पुन्हा काहीतरी हललं, की नुसती भीती होती, की खरंच भट्टी तापली होती? त्यांनी हात काढला आणि तो डाव्या हातात धरून उभे राहिले.

"कळत नाही," ते म्हणाले.

भट्टीपुढे उभं राहून हे शब्द त्यांनी कधी उच्चारले नव्हते. धाकटा पुढे आला आणि त्याने भट्टीला टेकवलेलं, पाव आत सरकवायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं उचललं.

"मी घालतो."

"जाळशील."

"जाळीन नाहीतर कच्चे ठेवीन. कच्चे तर तूही ठेवतोस," धाकटा म्हणाला, आणि त्याचा स्वर एवढा चढला की तो स्वतःच दचकला. "पावांचं काय घेऊन बसलायस, दादा? पाव उद्या परत होतील. तू जा. वहिनी, न्या ह्याला!"

मामा गेले. दारात एकदा वळून "ट्रे फिरव मध्ये," म्हणाले. रस्त्यात दोनदा थांबून "परत जाऊ या का?" म्हणाले. मामींनी त्यांचं मनगट धरलं होतं, आणि लग्नानंतर भर रस्त्यात त्यांनी ते पहिल्यांदाच धरलं होतं.

दवाखान्यात सिस्टर आवरायच्या बेतात होत्या. डॉक्टरांनी फाईलमधला गेल्या आठवड्यातला रक्ताचा रिपोर्ट पाहिला, आणि या वेळी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. आजाराचा आकडा खूप खाली आला होता. "सुईने काम केलंय. आता ते चालू ठेवायचं. त्रास काय झाला?"

मागच्या खेपेला खो खो हसलेल्या मामांनी या खेपेला बाहेर बसलेल्या पेशंटनाही ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. गरम कधी होतं, कसं चढतं, कितीदा. टोपली बघून रडू आलं तेही, आणि त्या दुसऱ्या बाबतीतलंही. मामींनी पुन्हा कॅलेंडर गाठलं. मग मामांनी विचारलं, "हे कायम राहणार?"

"काहींना कमी होत जातं, काहींना सुया चालू असेपर्यंत राहतं. तुमचं काय होईल, आज सांगता येणार नाही. फार सोसवेना झालं तर त्यावर गोळी आहे, देऊन बघू. रोज चालायचं, हाडांसाठी. सैल सुती कपडे. आणि धगीपासून जरा..." डॉक्टर भट्टीमामांकडे बघून थांबले.

"समजलं," मामा म्हणाले.

आतल्या खोलीत सिस्टरनी कुपीत द्रव सोडून ती हलकेच हलवायला घेतली. भुकटी दुधासारखी पांढरी झाली. "कुशीवर व्हा, मामा. वरचा पाय जरा दुमडून. अंग सैल सोडा, ताठ धरलं की जास्त दुखतं. या वेळी दुसऱ्या बाजूला देते."

मामांनी पायजमा सैल केला. एवढ्यात पिशवीतला फोन वाजला. मामींनी उचलला आणि धाकट्याचा आवाज फोनमधून खोलीभर पसरला. "वहिनी, वरून कोळसा झालेत! आतून पीठच आहे! दुसरी खेप अजून बाहेर आहे, बसायला लागलीय! दादाला विचारा ना, आता काय करू?"

मामा कोपरावर उठले. एक पाय जमिनीला लागलाही. खोलीतून बेकरीपर्यंतचा रस्ता त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख दिसत होता. धावत गेलं तर दुसरी खेप कदाचित वाचली असती.

"मामा, औषध कालवून झालंय," सिस्टर म्हणाल्या. "हे ठेवता येत नाही. आत्ताच द्यायला लागतं."

मामींनी फोन कानापासून दूर धरला होता, आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांची फाईल छातीशी आवळून धरली होती.

मामांनी त्या हाताकडे पाहिलं. मग पाय परत वर घेतला. "त्याला म्हणावं, निखारे मागे ओढ, दार उघडं टाक. आणि नाहीच जमलं तर फेकून दे आणि घरी जा."

ते कुशीवर वळले. भिंतीकडे तोंड होतं, चादर थंड होती. कमरेखाली कापसाचा ओला बोळा फिरला आणि तेवढ्यात छातीतून ओळखीची वाफ उठली, गळ्याशी आली, कानात शिरली. मानेवर घाम फुटला.

सिस्टरचा हात थांबला. "गरम होतंय? थांबू का थोडं?"

"नको," मामा भिंतीला म्हणाले. "ते येऊ दे. तुम्ही टोचा."